फेब्रुवारीतले तीनशे रुपये

माझी मुलगी पुण्यात नोकरीला लागली, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिचा फोन आला. "बाबा, दर महिन्याला पगारातून दोनशे रुपये पीटी म्हणून कापतात. या महिन्यात तीनशे कापलेत. ऑफिसात विचारू का?"

मी म्हटले, विचारू नकोस, बरोबर आहे. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, मिळून अडीच हजार. राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने व्यवसाय कराला माणशी वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे. ती बरोबर गाठायची म्हणून वर्षअखेरीच्या सुमाराला शंभर रुपये जास्त. "पण हा कर आहे कशाचा?" हा तिचा पुढचा प्रश्न. एकतीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला खरे तर या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ हवे. मी जे बोलून गेलो ते असे : "तुझ्या आजीनं खडी फोडली ना, त्याचे पैसे."

काटेकोर बोलायचे तर हे चूक आहे. आईने खडी फोडली ती १९७२-७३च्या दुष्काळात आणि व्यवसाय कराचा कायदा झाला १९७५ साली. पण त्या दोन गोष्टींमधला धागा खरा आहे, आणि तो मागे ओढत गेले तर थेट १८७८ सालापर्यंत जातो. तेव्हाही दुष्काळासाठी म्हणून एक कर बसला होता, तोही धंदा करणाऱ्यांवर. त्या पैशांचे काय झाले ही गोष्ट आपल्याकडे एके काळी शाळकरी पोरांनाही ठाऊक होती. आता ती कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

माझे गाव माण तालुक्यात. १९७२ साली मी आठ वर्षांचा होतो. त्या दुष्काळाची माझी आठवण तोंडातल्या चवींची आहे : रेशनवर आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी, जी थापताना फुटायची, आणि कामावर पोरांना वाटली जाणारी गोडसर सुकडी. गावाच्या वर पाझर तलावाचे काम निघाले होते. आई घमेले वाहायची, नंतर खडी फोडायला बसली. मस्टरवर अंगठा, आठवड्याला पगार. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर रोज जवळजवळ ५० लाख माणसे होती. एवढ्या मोठ्या अवर्षणात भूकबळी फारच थोडे झाले, ही गोष्ट पुढे जगभरच्या अभ्यासकांनी नोंदवली. माझ्या मनात मात्र बरीच वर्षे एक साधा प्रश्न घोळत राहिला. ज्या वर्षी शेत पिकत नाही, शेतसारा येत नाही, बाजार ओस पडतो, म्हणजे सरकारचे उत्पन्नही आटते, त्याच वर्षी पन्नास लाखांचा पगार सरकार आणते कुठून?

गरीब देशाच्या खजिन्याला अशा वेळी फार वाटा नसतात. आधी साठवले असेल तर ते मोडायचे, नाहीतर कर्ज काढायचे, नाहीतर कोणापुढे तरी हात पसरायचा. यांपैकी काहीच केले नाही तर खर्च टळतो असे नाही, तो ज्याच्यावर आभाळ कोसळले त्याच्याच अंगावर पडतो. तो बैल विकतो, भांडी विकतो, मुलीचे दागिने गहाण टाकतो आणि शेवटी जिवाने किंमत मोजतो. हा चौथा मार्ग इतिहासात सगळ्यात जास्त वापरला गेला आहे.

१८७६ साली दख्खनेत पाऊस गेला. त्याआधी दोनच वर्षे, १८७३-७४मध्ये, बिहारात पीक बुडाले होते. तिथे सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हाताने कामे काढली, आणि माणसे जवळजवळ मेलीच नाहीत. खर्च आला साधारण साडेसहा कोटी रुपये. यासाठी टेंपलचे कौतुक व्हायला हवे होते. झाली ती टीका : उधळपट्टी केली. टेंपल हुशार माणूस होता, धडा लगेच शिकला. १८७७च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्यालाच मुंबई आणि मद्रास इलाख्यांत दुष्काळी कामांची पाहणी करायला पाठवले. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला कैसर-इ-हिंद म्हणून जाहीर करणारा दरबार भरला होता. (त्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, हातमागाच्या जाड्याभरड्या खादीत जाऊन बसले होते.) टेंपलने दुष्काळी मजुराची मजुरी ठरवली : दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी हा शिधा माणूस जगवायला पुरेसा नाही असे बजावले आणि मोठा वाद झाला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारकडे पाठवायला सुरुवात केली. विल्यम डिग्बी या मद्रासच्या संपादकाने १८७८ साली या दुष्काळावर दोन खंड लिहिले. दक्षिणेच्या दुष्काळाचा इतका तपशील दुसरीकडे सापडणे कठीण. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला सारखी आईची कामावरची जागा दिसत होती. खडीचा ढीग तोच, हातोडी तीच, फक्त संध्याकाळी हातात पडणारे वेगळे.

दोन वर्षांत ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून जास्त माणसे गेली. खजिन्याचे कंबरडेही मोडले होते. तेव्हा १८७७च्या अखेरीस वित्तसदस्य सर जॉन स्ट्रॅची यांनी एक हिशेब मांडला. दुष्काळ हा अपघात नाही, तो या देशाचा नेहमीचा पाहुणा आहे. येणार हे नक्की, केव्हा येणार एवढेच ठाऊक नाही. त्याचा खर्च दहा वर्षांच्या सरासरीने काढला तर वर्षाला दीड कोटी रुपये पडतो. मग दुष्काळ असो वा नसो, दरसाल दीड कोटी रुपये नेहमीच्या खर्चापेक्षा जास्त उभे करायचे. याला नाव मिळाले दुष्काळ विमा.

विचार म्हणून हा आजही खणखणीत आहे, आणि तो पहिल्यांदा मांडणाऱ्यांत स्ट्रॅचींची गणना करायला मला संकोच वाटत नाही. खोच पुढे आहे. हे दीड कोटी वेगळ्या पेटीत ठेवायचे नव्हते. स्ट्रॅचींचे म्हणणे, पैसा नुसता पडून ठेवणे हा वेडेपणा आहे. चांगल्या वर्षी त्या पैशाने सरकारचे कर्ज फेडावे, किंवा जे कालवे आणि रेल्वे कर्ज काढून बांधणार होतो ते या पैशाने बांधावेत. मग दुष्काळाच्या वर्षी नवे कर्ज काढले तरी एकूण बोजा वाढत नाही. वर्गात मी हे शिकवायचो तेव्हा मुले पटकन मान डोलवायची, कारण हे तर्काला धरून आहे. घरातसुद्धा डोक्यावर सावकाराचे व्याज चढत असताना कोणी डब्यात नोटा साठवत नाही. फक्त घरात हिशेब ठेवणारा आणि उपाशी राहणारा एकाच ताटावर बसतात. इथे हिशेब ठेवणारे सिमल्याला होते.

पैसा उभा करायला १८७८ साली लायसेन्स टॅक्स बसला. व्यापारी, दुकानदार, कारागीर यांनी धंद्याचा परवाना घ्यायचा आणि कर भरायचा. उत्तरेत आणि बंगालात जमिनीवरही जादा उपकर आला. मुंबई इलाख्याने आपला लायसेन्स टॅक्सचा कायदा केला तेव्हा गव्हर्नरच्या खुर्चीत बसले होते तेच टेंपलसाहेब. या करातून सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर मोकळे होते. जो कोष्टी दुष्काळात हातमाग बंद पडला म्हणून कर्जात होता, त्याने दुष्काळाच्या विम्याचा हप्ता भरायचा आणि कलेक्टरने नाही. त्याच सुमाराला मुंबई आणि मद्रासमध्ये मिठावरचा करही मणामागे १ रुपया १३ आण्यांवरून २ रुपये ८ आण्यांवर गेला. सरकारच्या लेखी हे सगळ्या देशातला मिठाचा दर सारखा करण्याचे पाऊल होते. पण ज्यांच्या घरात नुकतीच प्रेते पडली होती त्यांच्या ताटातले मीठ महाग झाले, हे दरांच्या तक्त्यात दिसत नाही.

सुरतेत एप्रिल १८७८मध्ये व्यापाऱ्यांनी दुकाने बंद केली, दंगा झाला, गोळीबार झाला. पकडलेल्या प्रतिष्ठितांवर खटला भरला तेव्हा त्यांच्या बचावासाठी तरुण फिरोजशहा मेहता उभे राहिले. १८८० साली सरकारने नमते घेतले आणि वर्षाला ५०० रुपयांखालच्या उत्पन्नाला कर माफ केला.

कर बसवताना लिटन यांनी कायदे कौन्सिलात स्पष्ट ग्वाही दिली होती की हा पैसा दुष्काळाखेरीज दुसऱ्या कशाला वापरला जाणार नाही. ती ग्वाही किती टिकली? १८७८च्या नोव्हेंबरात अफगाणिस्तानावर स्वारी सुरू झाली. मार्च १८७९मध्ये लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या दडपणाखाली लिटन यांनी आपल्याच कौन्सिलाच्या बहुमताविरुद्ध खास अधिकार वापरून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात उठवली. म्हणजे खर्च वाढला आणि उत्पन्न घटले, आणि दीड कोटींचा 'जास्तीचा' पैसा त्या खड्ड्यात गडप झाला. चोरी म्हणावी अशी कोणतीही घटना घडली नाही, कारण चोरायला पेटीच नव्हती. दुष्काळ विमा म्हणजे अंदाजपत्रकातली शिल्लक, आणि शिल्लक संपली की विमा संपला. सरकारला म्हणायला मोकळीक होती की आम्ही एक पैही वळवली नाही. अक्षरशः ते खरेही होते.

विलायतेत ग्लॅडस्टन यांनी आपल्या निवडणूक दौऱ्यात यावर रान उठवले. १८८० साली आणखी एक गंमत उघडकीला आली. अफगाण युद्धाचा खर्च लष्करी हिशेबखात्याने भलताच कमी धरला होता, खरा आकडा कितीतरी मोठा निघाला. लिटन गेले, स्ट्रॅचीही गेले. लष्करी हिशेबावरून आठवले, पुण्यात त्याच खात्याच्या कचेरीत एक कारकून दुष्काळाच्या काळात गावोगाव फिरून आला होता आणि १८७९ साली त्याने नोकरी सोडून बंड पुकारले. वासुदेव बळवंत फडके. सरकारी पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे त्याच्या टेबलावरून रोज जात असणार. त्याच्या बंडाची कारणे आपण देशभक्तीत शोधतो आणि ते बरोबरच आहे. पण त्या कचेरीतल्या खतावण्यांचाही त्यात वाटा असावा असे मला आपले वाटते. पुरावा काही नाही.

लिटन यांनीच नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० साली आला. अध्यक्ष होते सर रिचर्ड स्ट्रॅची, वित्तसदस्यांचे थोरले बंधू. घरातच कारभार. तरीही या अहवालाने चांगले काम केले. त्यातून १८८३ साली दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला. पीक किती आणे आले, मजुरी किती, काम किती अंतरावर, केव्हा सूट द्यायची आणि केव्हा नुसती तहकुबी. त्याच पाठोपाठ १८८३ आणि १८८४ साली तगाईचे दोन कायदे झाले. आपल्या जुन्या मराठी मुलकी कारभारातला तगाई हा शब्द त्यामुळे शंभर वर्षे तलाठ्यांच्या दप्तरात टिकला.

दीड कोटींचे पुढे काय झाले? १८८१पासून त्याची वाटणी ठरली : प्रत्यक्ष मदत, संरक्षक कालवे आणि रेल्वे, उरले तर कर्जफेड. 'संरक्षक' हा शब्द मोठा लवचिक निघाला. दुष्काळी भागात धान्य पोचवणारी रेल्वे संरक्षक, हे मान्य. १८९६च्या दुष्काळात रेल्वेनेच धान्य हलवले आणि तिचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण बंगाल-नागपूर आणि इंडियन मिडलंड या खासगी कंपन्यांच्या भांडवलावरचे व्याजही दुष्काळाच्या खात्यातून जाऊ लागले. लंडनमधल्या भागधारकाला मिळणारे व्याज हा दुष्काळग्रस्तांचा विमा कसा, हे कोणी समजावून सांगू शकले नाही. नंतर ब्रह्मदेशची लढाई आली, सरहद्दीची तटबंदी आली, चांदी घसरल्याने विलायतेला पाठवायचा पैसा जड झाला. जेव्हा जेव्हा तंगी आली तेव्हा पहिली कात्री या दीड कोटींना लागली, कारण ज्याच्यासाठी ते होते त्याचे त्या वर्षी कुठेच काही अडलेले नसे. पाऊस बरा असतो तेव्हा दुष्काळग्रस्त अस्तित्वातच नसतो. आपत्तीच्या पैशाची ही मूळ अडचण आहे आणि ती इंग्रजांपुरती नव्हती. हप्ता भरण्याच्या काळात विमेदाराला आवाज नसतो.

१८९७ साली लंडनला वेल्बी आयोगापुढे हिंदी साक्षीदार गेले, दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रमण्य अय्यर आणि पुण्याचे तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले. दादाभाई नौरोजी स्वतः आयोगाचे सदस्य होते. हिंदुस्थानच्या पैशाचा हिशेब कोण विचारणार, हा त्या सगळ्या खटल्याचा मुद्दा. इकडे टिळकांनी दुसरे टोक पकडले होते. त्यांनी दुष्काळ संहिता मराठीत आणली आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी गावोगाव पोचवली : कायद्यात लिहिले आहे की पीक बुडाले तर सारा मागता येत नाही, मग तुम्ही देता का? सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. गोखल्यांच्या आणि टिळकांच्या मार्गांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मला या प्रकरणात ते दोघे एकाच वहीची दोन पाने वाटतात. एकाने जमेची बाजू विचारली, दुसऱ्याने खर्चाची.

१८९९ साली पुन्हा पाऊस गेला, गुजरात-राजस्थानात जो छप्पनिया म्हणून अजून सांगतात तो. तेव्हा जयपूरचे महाराज माधोसिंह यांनी १५ लाख रुपये देऊन कायमचा दुष्काळ न्यास सुरू केला. विशेष असे की ती रक्कम रोख्यांत गुंतवून ठेवायची आणि व्याज वापरायचे असे ठरले. एका संस्थानिकाने शेवटी ती पेटी बनवली.

सरकारी पेटी व्हायला १९१९च्या सुधारणा याव्या लागल्या. दुष्काळ हा प्रांतांचा विषय झाला आणि प्रत्येक प्रांताने दरसाल किती रक्कम दुष्काळासाठी बाजूला काढायची हे नियमातच लिहिले गेले. मुंबई प्रांताला ६३ लाख ६० हजार, मध्य प्रांताला ४७ लाख २६ हजार, बंगालला अवघे २ लाख. हे आकडे मागच्या दुष्काळांवर बेतलेले होते. जिथे पूर्वी खर्च झाला तिथे मोठा, जिथे झाला नाही तिथे छोटा. विमा कंपन्या आजही बहुतेक असेच करतात. १९४३ साली माणसे मेली ती बंगालमध्ये, आणि तिथल्या सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही, कारण संहितेप्रमाणे जाहीर केला असता तर मदत देणे बंधनकारक झाले असते.

मधला एक माणूस सांगायचा राहिला. म्हैसूर संस्थानात जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० साली शेतीविम्यावर एक पुस्तक लिहिले. त्यांची कल्पना अशी : शेतकऱ्याचे नुकसान किती हे शेतावर जाऊन मोजत बसू नका, पर्जन्यमापकावर पाऊस ठरावीक आकड्याखाली गेला की त्या भागातल्या सगळ्या विमेदारांना पैसे द्या. पंचनामा नको, चिरीमिरी नको. तेव्हा ते कोणी केले नाही. २००४च्या चक्रीवादळात ग्रेनेडा या चिमुकल्या देशाचे नुकसान त्याच्या वर्षभराच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुप्पट झाले. मग २००७ साली कॅरिबियन देशांनी मिळून एक विमानिधी काढला, तो चक्रवर्तींच्या याच तत्त्वावर : वाऱ्याचा वेग, भूकंपाची तीव्रता ठरावीक आकड्यावर गेली की पैसे. २०१०च्या भूकंपानंतर हैतीला त्यातून दोन आठवड्यांत ७७ लाख ५० हजार डॉलर मिळाले. वेगाच्या दृष्टीने अपूर्व, आणि नुकसान अब्जावधी डॉलरांचे. विमा जेवढ्याचा घेतला तेवढाच मिळतो. मेक्सिकोने १९९६ पासून आपत्तीचा स्वतःचा निधी चालवला, जगातल्या गुंतवणूकदारांना आपत्तीरोखे विकले, २०१७च्या भूकंपात त्याचे १५ कोटी डॉलर वसूलही केले. पुढे चारच वर्षांत त्या देशाच्या सरकारने तो निधी काटकसर आणि भ्रष्टाचाराचे कारण देऊन मोडला. वाचताना मला अफगाण युद्ध आठवले.

स्वतंत्र भारताने बराच काळ वित्त आयोगांच्या हातून ठिगळे लावली. १९५७पासून राज्यांच्या हिशेबात आपत्तीसाठी थोडी रक्कम धरली जाऊ लागली, तिला मार्जिन मनी म्हणत. नवव्या वित्त आयोगाने प्रत्येक राज्यात केंद्राच्या तीन आणि राज्याच्या एक वाट्याचा निधी काढला. अकराव्याच्या शिफारशीतून राष्ट्रीय निधी आला. त्यासाठी २००१ साली सिगारेट, पानमसाला वगैरेंवर खास शुल्क बसले, म्हणजे पूरग्रस्ताच्या मदतीत गुटखा खाणाऱ्याचा वाटा आहे. त्याच वर्षी भुजच्या भूकंपासाठी प्राप्तिकरावर दोन टक्के अधिभार आला. लातूर-किल्लारीच्या पुनर्वसनाला जागतिक बँकेचे कर्ज घेतले होते. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्तीनिधींना १,६०,१५३ कोटी रुपये ठरवले आणि त्यातला पाचवा हिस्सा आपत्ती येण्याआधीच्या कामांना राखला. ही शेवटची गोष्ट १८८०च्या अहवालानंतरची सगळ्यात शहाणी गोष्ट आहे असे माझे मत. मात्र जीएसटी आल्यावर राज्यांच्या हातातले कर गेले. २०१८च्या महापुरानंतर केरळला एक टक्का पूर उपकर लावायचा होता, तर जीएसटी परिषदेची परवानगी काढून तो बसायला २०१९चा ऑगस्ट उजाडला.

राज्याच्या हातात जे थोडे उरले त्यात व्यवसाय कर आहे. म्हणून पुन्हा त्या तीनशे रुपयांकडे येतो.

तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. 'मागेल त्याला काम' ही कल्पना त्यांनी दुष्काळाच्या आधीच आपल्या भागात लावून धरली होती. १९७२ने तिला जोर दिला. पण दुष्काळ सरल्यावर कामे बंद होणार, पैसे कुठून चालू राहणार? १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला, जोडीला मोटारगाड्या, विक्रीकर, बागायती जमीन यांवर जादा आकारणी. १९७७च्या रोजगार हमी कायद्याने वेगळा निधी स्थापन केला आणि जेवढा हा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची असे ठरले. २६ जानेवारी १९७९पासून कायदा अमलात आला. काम दिले नाही तर बेकारी भत्ता.

१८७८च्या शेजारी हे ठेवून पाहावे. तेव्हा नोकरदार सुटला आणि कारागीर सापडला. १९७५ साली उलट झाले, मुंबईतल्या बँकेतला कारकून माणच्या बाईची मजुरी भरू लागला. तेव्हा पेटी नव्हती, आता कायद्याने पेटी आली. आणि सगळ्यात मोठा फरक, आता ज्याच्यासाठी पैसा आहे त्याला तो मागण्याचा हक्क कायद्यात मिळाला. दुष्काळ जाहीर करणे न करणे सरकारच्या मर्जीवर उरले नाही. दहा माणसे तहसील कचेरीत जाऊन काम मागू लागली की दुष्काळ जाहीर झाला असे समजायचे.

कागदावर हे असे आहे. पेटी असली म्हणजे ती सुरक्षित राहते असे मात्र नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी निधीत शिल्लक पडते, तो शिल्लक पडावी म्हणूनच असतो, आणि शिल्लक दिसली की सरकारचा हात तिकडे वळतो. २००५ साली केंद्राचा रोजगार हमीचा कायदा आला, मजुरीचा मोठा भार केंद्राकडे गेला. कर राहिला. माझ्या पगारपत्रकावर तो शेवटच्या महिन्यापर्यंत होता आणि माझ्या शिक्षकांच्या खोलीत बावीस जणांपैकी एकालाही तो मूळ कशासाठी बसला हे सांगता आले नव्हते. मी मुद्दाम विचारले होते. वीसजणांनी तो महापालिकेचा कर असावा असे सांगितले. एकजण म्हणाला, इन्कमटॅक्सचा लहान भाऊ. ते उत्तर मला आवडले, पण तेही चूकच.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आईला घेऊन त्या पाझर तलावाच्या बांधावर गेलो. ऐंशी वर्षांची आहे, गुडघे गेले आहेत, पण बांध चढली. तलाव निम्मा गाळाने भरला आहे. पाणी दिवाळीपर्यंत टिकते, पूर्वी होळीपर्यंत टिकायचे असे ती म्हणाली. पिचिंगचे दगड कोणी काढून नेले तेही तिला ठाऊक होते. नातीच्या पगारातून त्यासाठी पैसे कापतात ही गोष्ट मी तिला तिथे सांगितली. तिला ती पटेना. तलाव तर कधीच झाला, पैसेही तेव्हाच मिळाले, मग अजून कशाचे कापतात?

मी समजावले की ते तुझ्या कामाचे नाहीत, पुढच्या दुष्काळाचे आहेत, आत्तापासून साठवायचे.

"किती कापत्यात?"

"वर्षाला अडीच हजार. सगळ्या नोकरदारांचे."

तिने थोडा वेळ गाळाकडे पाहिले. "मग यंदा काम कुठं काढलंय?"